चटईखालचं गवत

चंदनाचं आणि तिच्या आईचं भांडण विलायतेच्या बोटीवरनं नव्हतं. गोऱ्या बायकांच्या शेजारी बसून जेवण्यावरनं पण नव्हतं. भांडण होतं गवतावरनं.

खेळच गवतावरचा होता. बाउल्स म्हणायचे त्याला. हिरवळ कापून कापून सतरंजीसारखी सपाट करायची. एका टोकाला पांढरी लहान गोटी, तिचं नाव जॅक. दुसऱ्या टोकाला उभं राहायचं आणि नारळाएवढे लाकडी गोळे तिच्याकडं घरंगळत सोडायचे. ज्याचा गोळा जॅकच्या जास्त जवळ, त्याची सरशी. बघणाऱ्याला वाटावं, ह्यात काय आहे, पोरं गल्लीत गोट्या खेळतात तेच. पण हा गोळा एका अंगानं भारी कातलेला असतो. सरळ जातच नाही. जोर संपत आला की वळतो, आणि किती वळणार ते ओलाव्यावर, वाऱ्यावर, सोडणाऱ्याच्या मनगटावर. जॅककडं बघून सोडला तर जॅकला सोडून भलतीकडं जातो.

चंदना हे बेळगावात शिकली. तिचे वडील अण्णाप्पा निपाणीचे तंबाखूचे व्यापारी. घरात एकाला तरी इंग्रजी तार वाचता यावी म्हणून त्यांनी पोरीला कॅम्पातल्या मडमेच्या शाळेत घातलं. पोरगा जिनदत्त शाळेचं नाव काढलं की वखारीत जाऊन लपायचा, म्हणून पोरगी. शाळेची मोठी बाई मिस ग्रीव्ह, स्कॉटलंडची. उंच, हाडकुळी, कधी न हसणारी. बंगल्यामागं तिनं स्वतःच्या हौसेनं हिरवळ केली होती आणि संध्याकाळी मुलींना गोळे सोडायला लावायची. बाकीच्या मुली कंटाळायच्या. चंदना अंधार पडेपर्यंत हलायची नाही.

आईला, लक्ष्मीबाईला, हे सुरुवातीपासनं आवडलं नाही. पण बाप पोरीच्या बाजूचा. सरळ 'बंद कर' म्हणायची सोय नव्हती. मग आईनं दुसरी वाट काढली.

निपाणीजवळच्या एका गावात त्या वर्षी महाराजांचा चातुर्मास होता. सगळं जैन गाव लोटलेलं. पोरीबाळी पुढं जाऊन एकेक नियम घेत होत्या. कुणी बटाटा सोडला, कुणी कांदा, एकीनं आरशात बघायचं सोडलं. चंदना सोळाची. तिची पाळी आली तसं आईनं कोपरानं ढोसलं.

"हिरव्या गवतावर पाय देणार न्हाय म्हण. दर वरसाला, चातुर्मासापुरतं. चारच म्हैनं."

हिरव्यात जीव असतो, पावसाळ्यात तर लई असतो, हे चंदनाला पाळण्यापासनं ठाऊक. ती मोठ्यानं म्हणाली. सगळ्यांनी ऐकलं. आई समाधानानं मागं सरकली. पोरीच्या तोंडूनच घेतलं होतं, आता बाप तरी काय करणार.

गंमत अशी की त्या नियमाचं चंदनाला काहीच वाटलं नाही. बेळगावचा पाऊस असा की त्या चार महिन्यांत मिस ग्रीव्हची हिरवळ पाण्याखालीच असायची, बेडकं सोडून कुणी तिकडं फिरकायचं नाही. आपल्या देशात हा खेळ पावसाळा सरल्यावरचा. आठ महिने खेळायचं, चार महिने डांबरी सडकेवरनं जपून चालायचं. मायलेकीत तसा करारच झाला म्हणा ना. वर्षानुवर्षं तो दोघींनी पाळला.

लग्न झालं बेळगावातच, पारिसाशी. पारिसा दवाखान्यात कंपाउंडर. मऊ माणूस. आईनं मुलाकडच्यांना खेळाचं काही सांगितलं नव्हतं. नव्या नवरीची ट्रंक उघडली तर आत साड्यांच्या खाली चार काळे गोळे.

"हे काय?" पारिसानं विचारलं. "औषध कुटायचं हाय व्हय ह्यानं?"

चंदनानं सांगितलं. त्यानं एक गोळा हातात घेऊन तोलला, जमिनीवर सोडला. गोळा खोलीभर फिरून पलंगाखाली गेला. पारिसा गुडघ्यावर बसून हसत राहिला. त्या दिवसापासनं त्यानं कधी आडकाठी केली नाही.

मग चंदना पुण्यात खेळली, मुंबईत खेळली. सिलोनच्या बायका बंगळूरला आल्या तेव्हा हिंदुस्थानच्या बायकांच्या संघात तिला घेतलं. सगळ्या मडमा, साडीतली ही एकटी. पुढं ऑस्ट्रेलियाच्या बायका मद्रासला आल्या, तेव्हा ती स्किप होती. स्किप म्हणजे चौघींची म्होरकी. ती पलीकडच्या टोकाला जॅकपाशी उभी राहते, हातानं खुणा करून आपल्या तिघींना कुठनं सोडायचं ते सांगते, आणि शेवटचे गोळे तिचे. पहिल्या तिघींनी घाण केली तर निस्तरायची तिनं. पेपरात फोटो आला. वडील तोवर वारले होते. जिनदत्तनं फोटो वखारीत टांगला, तंबाखू घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला दाखवला. आईनं एकदाच बघितला.

"पदर नीट घ्यायला काय झालतं हिला?" एवढंच म्हणाली.

दुसऱ्या महायुद्धाच्या आदल्या वर्षी विलायतेचं बोलावणं आलं. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड ह्या चार देशांच्या बायकांशी सामने. मिस ग्रीव्ह स्वतः संघाबरोबर जाणार. आणि सामने ऐन आषाढ-श्रावणात. तिकडं हा खेळ उन्हाळ्याचा, आणि त्यांचा उन्हाळा म्हणजे आपला चातुर्मास.

चंदना महाराजांकडं गेली. नियम दिलेले महाराज केव्हाच समाधिस्थ झालेले, हे दुसरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"दिला त्यांनी, घेतलास तू," ते म्हणाले. "मधे मी कुठं येतो?"

तिथनं ती निपाणीला आली. आई सोप्यात बसून ज्वारी पाखडत होती. जिनदत्त जेवून पान लावत होता. चंदनानं बसमध्ये बसून जुळवून आणलेलं एका दमात सांगून टाकलं.

"आई, गोळा सोडताना पायाखाली चटई असतीया. खेळाचा कायदाच हाय तसा. मी स्किप व्हणार न्हाय, पहिल्या नंबरावर खेळीन. पहिलीनं गोळं सोडायचं आन बाजूला व्हायचं. ये-जा सगळी कडंच्या फरशीवरनं करीन. हिरव्यावर पाय पडायचाच न्हाय."

आईनं सूप हलवायचं थांबवलं नाही.

"चटईखालच्या गवताला ठावं असतंय व्हय गं, वर चटई हाय म्हणून?"

जिनदत्तला हसू आलं, त्यानं पान तोंडात कोंबलं.

"तुझं बरं हाय दादा," चंदना त्याच्यावर घसरली. "तंबाखूच्या रानात बायका लावून तण उपटतोस, तवा जीव कुठं जातोय?"

"मला कशाला मधे घेतीस गं? मी काय बोललो?"

"ते पोटासाठी," आई म्हणाली. "त्याचं बी पाप लागतंय, पर त्याला इलाज न्हाय. खेळाला इलाज हाय. खेळू नये."

"मी जाणार हाय आई."

"जा की. मी कुठं पाय धरलाय तुझा?"

निघायच्या आदल्या दिवशी आई तिला घेऊन बस्तीत, जैनांच्या देवळात, गेली. बरोबर जिनदत्त आणि पारिसा. भगवंतासमोर आईनं हात जोडले आणि चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाली, "चंदना तिचा नियम पाळून माघारी येईस्तवर मी दिसातनं एकदाच जेवणार. मीठ, दूध, तूप, तेल माझ्यासाठी न्हाय."

बाहेर पायरीवर चपला घालताना पारिसानं भीत भीत विचारलं, "आन चुकून न्हाय पाळला गेला तर, आई?"

"तर तसंच," आई म्हणाली. "मरस्तवर."

चंदना मान खाली घालून उभी होती. तिला राग आला होता, आणि रागातच तिनं ठरवलं की आता पाळूनच दाखवते.

पाळला तिनं. बोटीवर उकडलेले बटाटेसुद्धा न खाता घरनं नेलेल्या दशम्या आणि चटणीवर दिवस काढले. तिकडं पोचल्यावर एक वेगळीच पंचाईत. सूर्य मावळल्यावर जेवायचं नाही, आणि तिकडं सूर्य मावळतच नाही. बाकीच्या बायका झोपायला निघाल्या तरी खिडकीत ऊन. तिला हसू यायचं. आईला हे सांगायला पाहिजे असं वाटायचं.

सामन्यांत ती ठरल्यासारखी चटईवर उभी राहायची, आपले गोळे सोडायची आणि कडेच्या फरशीवरनं लांबचा वळसा घालून पलीकडं जायची. बाकीच्या तिघी हिरवळीवरनं सरळ चालत जाऊन तिची वाट बघत उभ्या. बघ्यांना मजा. तिथल्या एका पेपरानं लिहिलं, गवताला भिणारी बाई. मिस ग्रीव्हनं तो पेपर दुमडून पिशवीत घातला आणि कुणाला दाखवला नाही, पण संघातल्या एकीनं चंदनाला वाचून दाखवलाच. चंदनानं ते मनावर घेतलं नाही. गोळे तिचे चांगले पडत होते, आणि दुपारी खोलीवर पडल्या पडल्या ती मनात म्हणायची, हाय की गं आई, पाळायलीय की.

शेवटचा सामना स्कॉटलंडशी, समुद्राकाठच्या एका गावात. तोवर संघ एकच सामना जिंकलेला. सकाळी स्किप बाई उठलीच नाही. पोटात कळ, ताप, डॉक्टर. मिस ग्रीव्ह चंदनाच्या खोलीत आली आणि खुर्चीच्या काठावर बसली.

"स्किप तू हो, असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "तुझा नियम मला ठाऊक आहे. नाही म्हणालीस तर तिघींत खेळू, आणि हरू. कोणी तुला काही बोलणार नाही. मी बोलू देणार नाही."

"विचार करते," चंदना म्हणाली.

विचार तिनं लई केला नाही. हेच पुढं तिला छळायचं. स्किपला जॅकपाशी उभं राहावं लागतं, हिरवळीच्या मधोमध, वाकून बघावं लागतं, फिरावं लागतं. चटई तिथं नसते. सगळं तिला माहीत होतं. आई निपाणीत बिनमिठाचं खात असणार, तेही माहीत होतं. पण त्या वेळी तिच्या डोक्यात एवढंच आलं, समुद्रापलीकडं कोण बघायला येतंय. आईला सांगणार कोण? आणि आयुष्यात परत कधी स्कॉटलंडशी?

तिनं फरशीवरनं खाली पाऊल टाकलं. कॅनव्हासच्या बुटाखाली गवत मऊ लागलं, ओलसर. काहीसुद्धा झालं नाही. आभाळ तसंच, वारा तसाच. दोन पावलं टाकल्यावर ती विसरूनच गेली.

अशी ती कधी खेळली नव्हती. वारा समुद्राकडनं यायचा, मधेच पडायचा. स्कॉटलंडच्या बायका ह्याच वाऱ्यात वाढलेल्या. शेवटच्या फेरीत बरोबरी होती आणि जॅकभोवती त्यांचेच गोळे बसलेले, आत शिरायला बोटभर वाट नाही. चंदनाकडं शेवटचा गोळा. चटईवर आली, जॅककडं बघितलंच नाही, लांब उजवीकडं कुणाची तरी छत्री होती तिकडं बघून सोडला. गोळा गेला, गेला, आता कडेच्या चरात पडतोय असं वाटलं, आणि मग वळला. त्यांच्या दोन गोळ्यांच्या मधनं सुळकन आत आला आणि जॅकला टेकून उभा राहिला.

मिस ग्रीव्ह रडली. आपल्याच देशाच्या बायका हरल्या आणि ही रडते म्हणून सगळ्या तिला चिडवत होत्या.

बोट मुंबईला लागली तेव्हा भाद्रपद उजाडला होता. बेळगावला घरात पाऊल टाकल्या टाकल्या चंदनानं पारिसाला सगळं सांगितलं. त्यानं तिची ट्रंक आत नेऊन ठेवली.

"आईंना बघून आलतो गेल्या आठवड्यात," मग म्हणाला. "हात अगदी काटकुळं झाल्यात. खोटं सांग, चंदना. औषध देतोय आपण असं समज. कडू गोळीला साखर लावतोच की आम्ही."

निपाणीत दशलक्षण पर्व चालू होतं. आईनं दहा दिवस मौन धरलेलं, त्यामुळं लगेच काही विचारलं नाही. लेकीला बघून नुसती डोळ्यांनी हसली, तिच्या गालावरनं हात फिरवला. त्या हाताला वजनच नव्हतं. जिनदत्त चंदनाला वखारीत घेऊन गेला.

"सगळं नीट झालं न्हवं? मौन सुटलं की लगीच सांग आन सोडीव तिला. तुझ्या वहिनीनं तूप कढवून ठेवलंय."

चंदनानं भिंतीवरच्या आपल्या फोटोकडं पाठ फिरवली. जिनदत्तनं तिच्याकडं बघितलं आणि त्याला समजलं. तंबाखूच्या पोत्यावर तो बसला.

"न्हाय झालं तरी झालं म्हण," तो हळू म्हणाला. "ऐकलंस? मला कळलंच न्हाय असं समज. झालं म्हण."

तिला ते जमलं असतं. बोटीवर तिनं खोटं पाठही केलं होतं. पण खोटं बोललं की स्कॉटलंड पण गेलं. तो गोळा गेला, ती छत्री गेली. जन्मात आईला सांगता येणार नाही की मी अशी खेळले. चंदनाला दोन्ही पाहिजे होतं, जिंकल्याचं सांगणं पण आणि आईची माफी पण. आणि तिला एक वाट दिसली. पर्व संपलं की क्षमावाणी. त्या दिवशी सगळं गाव बस्तीत एकमेकांपुढं हात जोडतं, वर्षभरात जाणता-अजाणता जे चुकलं त्याची क्षमा मागतं. त्या दिवशी कुणी कुणाला नाही म्हणत नाही. हाडवैर असलं तरी म्हणत नाही. आई कशी म्हणेल?

क्षमावाणीला बस्तीचं आवार भरलं होतं. चंदना पुढं व्हायच्या आत आईच तिच्यासमोर आली. हात जोडले. दहा दिवसांनी आवाज फुटला तो घोगरा.

"पोरी, माझं बोलणं कधी लागलं असंल तर क्षमा कर मला."

"केली," चंदना म्हणाली. मग तिनं हात जोडले. "आई, मी गवतावर चालले."

आईनं जोडलेले हात खाली घेतले.

"कुणी ढकललीती?"

"न्हाय."

"पाय घसरला?"

"न्हाय. मी आपणच गेले."

शेजारनं बायका एकमेकींना वाकत पुढं सरकत होत्या. आईनं एकीला नमस्कार केला, परत वळली.

"जिंकलीस का?"

"जिंकले."

"बरं," आई म्हणाली. "क्षमा केली तुला. अगदी मनापासनं केली."

चंदना रडत रडत घरी पळाली. वहिनी तारामती चुलीपुढं होती, तिला बाजूला सारून हिनं स्वतः भात टाकला, आमटीत मीठ घातलं, वर तुपाची धार सोडली. आई आली, पाय धुऊन पाटावर बसली. ताटाकडं बघितलं आणि ताट हातानं पुढं सरकवलं.

"मीठ कशाला घाटलंस?"

"क्षमा केलीस न्हवं?"

"तुला केली. माझ्या नियमाचा त्येच्याशी काय संबंध? तू पाळून आलीस तर सुटणार व्हता. तू पाळला न्हाईस. सुटला न्हाय."

"आई, असं कसं? क्षमा म्हंजे झालं गेलं संपलं."

"तुझं संपलं," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता, तोच तर घोळ होता. "तू तुझा मोडलास म्हणून मी माझा मोडू व्हय? तारा, माझ्या कण्या आण गं."

जिनदत्त दारात उभा राहून ऐकत होता. आई ऐकते आहे ह्याची पण त्यानं फिकीर केली नाही.

"एक शब्द खोटा बोलायचा व्हता गं तुला," तो म्हणाला. "मी बाजारात रोज धा बोलतो."

चंदना बेळगावला गेली नाही. आईजवळ राहिली. आई दिवसातनं एकदा उकडलेल्या तांदळाच्या कण्या नुसत्या पाण्याबरोबर खायची, आणि दिवाळीपर्यंत तिला बसतं करायला दोघी लागायला लागल्या. पारिसा आला, नाडी बघितली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या.

"असंच चाललं तर थंडी काढायच्या न्हाईत," त्यानं परसात चंदनाला सांगितलं. आणि मग, तिच्याकडं न बघता, पिशवीतनं एक डबा काढला. दवाखान्यातली दुधाची भुकटी. लहान लेकरांना द्यायची. "कण्यांत कालवली तर दिसायची न्हाय. चवीला पण कळायची न्हाय."

चंदनानं डबा घेतला. ह्या वेळी तर तिनं अजिबात विचार केला नाही.

रोज पहाटे ती स्वतः कण्या शिजवायची, वहिनीला चुलीशी येऊ द्यायची नाही. आई खायची. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर जरा ओल आली. एक दिवस आपली आपण उठून बस्तीत जाऊन आली. जिनदत्त शेजाऱ्यांना सांगायला लागला, आईचा नियमच तिला ताकद देतोय बघा. चंदना हे ऐकून माजघरात जायची. तिला वाटायचं, जगू दे, पाप माझ्या नावावर.

मग एका सकाळी चंदनाला ताप भरला. ती अंथरुणावरच राहिली आणि कण्या तारामतीनं शिजवल्या, नुसत्या पाण्यात, नियमाप्रमाणं. आईनं घास घेतला.

"तारा, आज कण्या अशा पाण्यावाणी का लागत्यात गं?"

"रोजच्यासारख्याच केल्यात की आत्ती."

आईनं दुसरा घास घेतला. मग हात धुतला. उठून चंदनाच्या अंथरुणाशी येऊन बसली.

"काय घालत व्हतीस?"

चंदनानं उशीत तोंड घातलं.

"दूध?"

"भुकटी."

"कवापास्नं?"

"दिवाळीपास्नं."

बाहेर वखारीपुढं गाडी आली होती, जिनदत्त हमालांवर ओरडत होता. आईनं चंदनाच्या कपाळावर हात ठेवून ताप बघितला.

"तुझं तू मोडलंस, त्येचं मला दुःख झालं, पर ते तुझं व्हतं," ती म्हणाली. "हे माझं व्हतं गं. माझ्यापाशी तेवढंच व्हतं."

दुसऱ्या दिवशी तिनं जिनदत्तला गाडी जोडायला लावली आणि महाराजांकडं जाऊन सल्लेखना मागितली. मरण येईपर्यंत अन्न हळूहळू सोडायचं, मग पाणी. महाराजांनी लगेच होकार दिला नाही. तब्येत विचारली, वय विचारलं, रागानं मागतेस का ते विचारलं. मग म्हणाले, घरच्या सगळ्यांची संमती लागेल. एकानं जरी नाही म्हटलं तरी देणार नाही.

सगळ्यांना बोलावलं. जिनदत्त पहिल्यांदा नाही म्हणाला, मग आईनं त्याला जवळ बोलावून काहीतरी सांगितलं आणि तो भिंतीकडं तोंड करून हो म्हणाला. तारामतीनं मान हलवली. चंदना राहिली. ताप उतरला होता, पण उभं राहवत नव्हतं.

"व्हय म्हण," आई म्हणाली.

चंदनानं महाराजांकडं बघितलं.

"तू न्हाय म्हणालीस तर मी घरला येणार. रोज कण्या खाणार. आन रोज घास तोंडात घालताना तुझ्याकडं बघणार, ह्यात काय घाटलंय म्हणून. तसलं जगायला लावतीस मला?"

पारिसानं चंदनाचं कोपर धरलं होतं.

"व्हय," चंदना म्हणाली.

मार्गशीर्ष निम्मा सरला तेव्हा आई गेली. शेवटपर्यंत शुद्धीत. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, सगळीकडनं माणसं दर्शनाला येत होती. आईच्या पाया पडून झालं की बायका बाजूला बसलेल्या चंदनाच्या पण पाया पडायच्या. असली आई लाभायला भाग्य लागतंय, म्हणायच्या. संमती द्यायला पण काळीज लागतंय, म्हणायच्या. चंदना त्यांना थांबवायची नाही. काय सांगून थांबवणार?

पौषात सिलोनच्या बायका मद्रासला येणार होत्या. मिस ग्रीव्ह स्वतः टांगा करून बेळगावच्या घरी आली, दारातच उभी राहिली, आत आली नाही. नाही म्हणालीस तरी चालेल, म्हणाली. हे असंच ती आधी पण एकदा म्हणाली होती, आणि म्हणून झाल्यावर तिचं तिलाच ते जाणवलं असावं. ती खाली बघायला लागली.

"येते," चंदना म्हणाली.

पारिसानं तिची ट्रंक स्टेशनवर नेली. भुकटीचा डबा त्यानं आणला होता, ते दोघांत कधी निघालं नाही, पुढंही निघणार नव्हतं.

मद्रासला उन्हं कोवळी होती. हिरवळ नुकती कापलेली. चातुर्मास संपून गेलेला, कुठलाच नियम आड येत नव्हता. चंदना स्किप होती. पहिला गोळा हातात घेताना तिला वाटलं, आता हात थरथरणार. थरथरायलाच पाहिजे. तिनं वाट बघितली. तिच्या तिघी पलीकडनं बघत उभ्या होत्या.

हात थरथरला नाही. गोळा सुटला, लांबनं वळला आणि जॅकपाशी येऊन थांबला. टाळ्या पडल्या. चंदनानं दुसरा गोळा उचलला.